मुंबईत कमी खर्चात स्वतःची माउंटन बाइक जोडायची असेल तर

भांडुपला आमच्या घराच्या गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं अंथरून मी माझी माउंटन बाइक जोडली. प्रत्यक्ष जोडणीला दोन रविवार पुरले. त्याआधीचे चार महिने मात्र भाग शोधण्यात, चुकीचे आलेले परत करण्यात आणि "हे त्यात बसेल का हो?" असं दहा जणांना विचारण्यात गेले. तो वेळ तुमचा वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. तुम्ही आजवर फक्त पंक्चर काढलं असेल, किंवा तेवढंही नसेल, तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सगळे भाग नवे घेतलेत तर तुमची सायकल त्याच दर्जाच्या तयार सायकलीपेक्षा महाग पडेल. कंपनी हजारांनी माल उचलते, आपण एकेक नग घेतो, त्यामुळे त्या भावाला आपण पोचूच शकत नाही. मग जोडायची कशासाठी? स्वस्तातल्या तयार सायकलीत दिसायला दणकट सस्पेन्शन असतं, पण ब्रेक कामचलाऊ आणि मागे आट्यांवर चढणारं जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील (दातचक्रांचा गठ्ठा) असतं. स्वतः जोडताना पैसा कुठे घालायचा ते तुम्ही ठरवता. शिवाय पुढे कुठलाही भाग बिघडला की तो कसा उघडतो हे तुमच्या हातांना माहीत असतं. बजेट सांभाळायचं ते काही भाग जुने घेऊन, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे न जुळणारा एकही भाग विकत न घेऊन. माझे सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया गेले.

माझा हिशेब असा झाला: जुनी फ्रेम ५,०००, जुना फोर्क (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा) ४,५००, नवी चाकं ६,०००, रोटरसकट (ब्रेक पकडतात ती तबकडी) ब्रेक ५,५००, गिअरचा संच (हँडलवरचा शिफ्टर, चेन सरकवणारा डिरेलर, मागच्या दातचक्रांची कॅसेट, चेन) ६,५००, क्रँक (पॅडलचे दांडे) आणि बॉटम ब्रॅकेट (ते ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग) ३,०००, टायर-ट्यूब २,६००, हँडल, स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा), सीट, सीटपोस्ट (सीटची दांडी), ग्रिप आणि पॅडल मिळून ४,०००, हेडसेट (फोर्क ज्यावर फिरतो ते बेअरिंग), केबल आणि किरकोळ सामान १,२००. एकूण ३८,३०० रुपये. हत्यारांचे साडेतीन हजार वेगळे, आणि चुकीच्या खरेदीत गेलेले पावणेतीन हजारही वेगळे. भाव वरखाली होत राहतात, त्यामुळे आकड्यांपेक्षा कुठल्या भागाला किती वाटा द्यायचा हे त्यातून बघा.

१. आधी ठरवा, चालवणार कुठे

आपल्याकडे रोजचा रस्ता म्हणजे खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यात पाणी. सुटीच्या दिवशी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा चढ, आरे कॉलनीतले रस्ते, मार्वेहून फेरीबोटीने मनोरी आणि पुढे गोराई-उत्तन, किंवा सह्याद्रीच्या पायथ्याची एखादी कच्ची वाट. या सगळ्याला हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, पुरून उरते. पुढे १०० ते १२० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबतं ती लांबी) भरपूर झालं. कमी बजेटमध्ये मागच्या सस्पेन्शनच्या वाटेला जाऊ नका. त्याचा शॉक आणि सांध्यातले बेअरिंग यांची देखभालच एक वेगळा खर्च आहे.

चाकाचा आकारही आत्ताच ठरवा: २७.५ किंवा २९ इंच. २६ इंची जुन्या फ्रेम स्वस्तात मिळतात, पण चांगले टायर आणि फोर्क शोधताना पर्याय कमी उरतात.

२. फ्रेम

सगळी सायकल फ्रेमवर ठरते, म्हणून पहिली खरेदी फ्रेमचीच. कितीही स्वस्त मिळत असला तरी दुसरा कुठलाही भाग त्याआधी घेऊ नका. अल्युमिनियमची फ्रेम (६०६१ या मिश्रधातूची) मुंबईच्या हवेला बरी. उंची साधारण पाच फूट सहा ते दहा इंच असेल तर १७ ते १८ इंची फ्रेम बघा, त्याहून कमी असेल तर १५-१६. पण आकड्यावर विसंबू नका. वरच्या नळीवर पाय टाकून उभं राहा, दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत आणि मध्ये दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे.

जुनी फ्रेम दिवसाउजेडी बघायला जा. हेडट्यूब (फोर्क ज्यातून वर जातो ती पुढची नळी) आणि खालची नळी जिथे वेल्ड केली आहे तिथे, बॉटम ब्रॅकेटच्या भोवती आणि सीटच्या क्लॅम्पच्या खाली ओलं फडकं फिरवून पुसा. केसासारखी बारीक रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडलं की फ्रेम सोडून द्या, भाव कितीही पाडला तरी. अल्युमिनियमचा तडा वाढतच जातो. नंतर सीटपोस्ट वरखाली करून बघा. समुद्राच्या हवेत वर्षानुवर्षं ग्रीस न लावलेला सीटपोस्ट फ्रेममध्ये असा धरतो की कापूनच काढावा लागतो.

घेताना पुढचं सगळं हवंच: मूळ बिल किंवा त्याचा फोटो, बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर, आणि विकणाऱ्याच्या सहीची साधी पावती, ज्यात नाव, तारीख, रक्कम आणि तो फ्रेम नंबर लिहिलेला असेल. ओळखपत्राची झेरॉक्सही मागा. चोरीच्या सायकली याच वाटेने विकल्या जातात. ज्याची सायकल खरोखर स्वतःची आहे त्याला पावती द्यायला अडचण नसते. नंबर खरवडलेला दिसला तर तिथूनच मागे फिरा.

३. मापांचा कागद

या पायरीवर घाई करू नका. मी केली आणि त्याची किंमत मोजली.

माझ्या फ्रेमची सीटट्यूब (सीटपोस्ट घालायची नळी) मी शिवणकामाच्या टेपने मोजली होती. "एकतीस आणि थोडं" असं माप आलं, म्हणून ३१.६ मिमीचा सीटपोस्ट मागवला. फ्रेम ३०.९ ची होती. फरक ०.७ मिमीचा, पण पोस्ट तोंडाशीच अडला. मी जरा जोर लावला, त्याला ओरखडा पडला आणि विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला, जे त्याच्या बाजूने रास्तच होतं. त्याच आठवड्यात मागचं चाकही चुकलं, तेही न मोजल्यामुळे. तेव्हा काही शे रुपयांचा डिजिटल व्हर्नियर आधी घ्या आणि एका कागदावर ही सात मापं लिहून काढा:

– हेडट्यूबचा आतला व्यास, वर आणि खाली. दोन्हीकडे ३४ मिमी असेल तर फक्त सरळ, २८.६ मिमी स्टिअररचा (फोर्कच्या वरच्या नळीचा) फोर्क बसेल. दोन्हीकडे ४४ असेल तर सरळ बसतो, आणि खाली बाहेरचा कप वापरून टेपर्डही (खाली जाड होत जाणारा) बसतो. वर ४४ आणि खाली ५६ म्हणजे टेपर्डसाठीची फ्रेम.

– बॉटम ब्रॅकेटच्या नळीची रुंदी. आत आटे असतील तर ती ६८ किंवा ७३ मिमी असेल. आटे नसतील तर ती प्रेसफिट (दाबून बसवायची) आहे. नवशिक्याने आट्यांचीच घ्यावी.

– मागच्या दोन फाट्यांमधलं आतलं अंतर. खाच असलेली क्विक रिलीजची फ्रेम १३५ मिमी, बंद भोकांची थ्रू ॲक्सल १४२ किंवा १४८. मागचं चाक या आकड्यावर ठरतं.

– सीटट्यूबचा आतला व्यास: बहुधा २७.२, ३०.९ किंवा ३१.६. नळीच्या तोंडाशी दोन दिशांनी मोजा, कारण क्लॅम्पने ती किंचित चेपलेली असते.

– डिस्क ब्रेकची बैठक. बोल्ट चाकाच्या रेषेत जात असतील तर पोस्ट माउंट. ॲक्सलसारखे आडवे जात असतील तर आयएस, आणि त्याला अडॅप्टर लागेल.

– फ्रेम किती ट्रॅव्हलच्या फोर्कसाठी बनवली आहे. १०० मिमीच्या फ्रेमला १४० मिमीचा फोर्क लावला तर पुढचा भाग उचलला जातो, वळणावर सायकल हाताला जड लागते आणि हेडट्यूबच्या वेल्डवर नको तो ताण येतो.

– डिरेलर हँगरचा स्पष्ट फोटो. डिरेलर फ्रेमला जोडणारा हा छोटा तुकडा मुद्दाम मऊ धातूचा असतो, पडल्यावर आधी तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. एक जादा आत्ताच मिळवून ठेवा. दोन वर्षांनी तोच हँगर शोधणं फार अवघड जातं.

या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि दुकानात भाग हातात घेण्याआधी तो उघडा.

४. काय जुनं घ्यायचं, काय नवं

हँडल सोडून बाकी हाताचे-बसायचे भाग जुने घ्यायला हरकत नाही: स्टेम, सीट, सीटपोस्ट, पॅडल. हँडल नवंच घ्या, कारण आधीच्या मालकाची सायकल किती वेळा आपटली हे त्याकडे बघून कळत नाही. स्टेमचा क्लॅम्प आणि हँडलचा मधला भाग एकाच मापाचा हवा, बहुधा ३१.८ किंवा २५.४ मिमी.

फोर्क जुना चालतो, पण त्याच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवून बघा. खरचटलेल्या नळीमुळे सील फाटतात. दाबून सोडल्यावर तो अडखळत वर आला किंवा नळीवर तेलाचं कडं दिसलं, तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा.

चेन, कॅसेट, केबल, ब्रेकचे पॅड आणि बॉटम ब्रॅकेट नवंच. जुन्या कॅसेटवर नवी चेन टाकली तर ती दातांवरून घसरते.

चाकांत एक मोठा सापळा आहे. स्वस्त चाकांच्या मागच्या हबवर आटे असतात आणि त्यावर फ्रीव्हील चढतं. तुम्हाला फ्रीहबवालं चाक हवं, ज्याच्यावर कॅसेट खाचांमध्ये सरकते. फ्रीहबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाला असल्यामुळे खड्ड्यात ॲक्सल सहसा वाकत नाही. शिमानोचं नेहमीचं एचजी फ्रीहब ८, ९ आणि १० गिअरची कॅसेट घेतं. १२ गिअरच्या शिमानोला मायक्रो स्प्लाइन नावाचं वेगळं फ्रीहब लागतं, त्यामुळे बजेटमध्ये त्या वाटेला जाऊ नका.

गिअरसाठी माझा स्पष्ट सल्ला: पुढे एकच ३२ दातांचं नॅरो-वाइड (एकाआड एक अरुंद-रुंद दातांचं) चाक, मागे ९ गिअर, ११ ते ३६. पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर आणि केबल असे तीन भाग वाचतात. शिमानोच्या माउंटन बाइकचे ८ आणि ९ गिअरचे बहुतेक मागचे डिरेलर एकमेकांच्या जागी चालतात, १० चा त्यांच्यात चालत नाही. मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट संच घ्यायचा तर शिफ्टर आणि डिरेलर दोन्ही त्याचेच हवेत, कारण केबल ओढण्याचं प्रमाण शिमानोपेक्षा वेगळं आहे.

परदेशातून मागवायचं असेल तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचं शुल्क धरूनच भावाची तुलना करा. घरी आणण्याबद्दल एक सांगते. चाकं मी कळव्याहून दुपारी लोकलच्या लगेजच्या डब्यातून आणली होती, बघायला गेले तेव्हाच. गर्दीच्या वेळी हा प्रयोग करू नका. रिम वाकेल आणि लोकांचे पायही.

५. हत्यारं

२ ते ८ मिमी एलन की, टी२५ टॉर्क्स, चेन तोडायचं हत्यार, कॅसेटचं लॉकरिंग टूल, बॉटम ब्रॅकेटचं टूल, १५ मिमीचा पॅडल पाना, चांगला केबल कटर, हेक्सा ब्लेड, कानस, ग्रीस, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक छोटा टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा). केबल कटरच्या ऐवजी पक्कड वापरू नका. तारेचं टोक झाडूसारखं फुलतं आणि मग ते आवरणात जात नाही.

यातली बरीचशी हत्यारं क्रॉफर्ड मार्केटमागच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. हार्डवेअर, हत्यारं आणि बेअरिंगची ती जुनी पेठ आहे. बेअरिंगवर कोरलेला नंबर दाखवला की त्याच मापाचं बेअरिंग समोर येतं. सायकलचीच खास हत्यारं मात्र सायकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन बघा. एकदाच लागणारं महाग हत्यार, म्हणजे हेडसेटचा प्रेस वगैरे, विकत घेऊ नका. ते काम दुकानात करून घ्या.

६. हेडसेट आणि फोर्क

हेडसेटचे कप दुकानात दाबून घेतलेत की उरलेलं काम सोपं आहे. फोर्कच्या स्टिअररवर खालची रिंग बसवा, बेअरिंगना भरपूर ग्रीस लावा आणि फोर्क वर सरकवा. मग वरचं बेअरिंग, कव्हर, दोन-तीन स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) आणि स्टेम.

स्टिअरर कापायची घाई नको. आधी सगळे स्पेसर ठेवूनच चालवून बघा, हँडल किती उंच हवं ते पंधरा दिवसांत कळतं. मग खूण करा. स्टेमच्या (किंवा वरच्या स्पेसरच्या) वरच्या कडेपेक्षा स्टिअरर साधारण ३ मिमी खाली असायला हवा, म्हणजे स्टेमवरच्या टोपीला दाबायला जागा उरते. कापल्यावर कडा कानशीने घासून गुळगुळीत करा.

टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगमधली ढील काढण्यासाठी असतो, हँडल धरून ठेवण्यासाठी नाही. म्हणून क्रम असा: आधी टोपी हलकेच आवळा, हँडल सहज फिरेल आणि खडखड थांबेल इतकी. मग स्टेमचे बाजूचे बोल्ट ५ न्यूटन-मीटरला, दोन्ही आळीपाळीने. उलटा क्रम केलात तर टोपी कितीही आवळली तरी ढील राहते.

७. बॉटम ब्रॅकेट आणि क्रँक

बजेटमध्ये चौकोनी टोकाचं सीलबंद कार्ट्रिज बॉटम ब्रॅकेट घ्या. ते स्वस्त असतं, पाऊस झेलतं आणि संपलं की काढून नवं घालता येतं. दांड्याची लांबी क्रँकच्या कंपनीने सांगितलेलीच हवी, कारण ती चुकली तर चेनची रेघ तिरकी होते.

इथे नवशिक्यांची फ्रेम खराब होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. चेनच्या बाजूचे, म्हणजे उजवीकडचे आटे उलटे असतात. ती बाजू घड्याळाच्या उलट दिशेने आवळते आणि डावी बाजू नेहमीसारखी. मी हे वाचलेलं होतं. तरीही फ्रेम उलटी करून ठेवली होती, डावं-उजवं गोंधळलं आणि हात सवयीच्या दिशेला गेला. कप अर्धा फेरा आत गेला, मग जड लागायला लागला. मला वाटलं ग्रीस कमी पडलं. पाना लावून पाव फेरा दिला आणि खाली वर्तमानपत्रावर चांदीसारखा चकचकीत कीस पडला.

फ्रेम खांद्यावर टाकून मी स्टेशनजवळच्या सायकलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी आधी आटे रॉकेलने धुतले, मग टॅप फिरवून साफ केले. मग कप माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाळा, पाना नंतर. आधी हाताने, आणि आधी उलटा फिरव. टक् झालं की थांब." मी फिरवला. एका जागी कप बारीकसा खाली बसला, बोटांना 'टक्' जाणवलं. "हे आट्याचं तोंड. इथून आवळ." कप बोटांच्या टोकांनी चार फेरे आत गेला, पाना लागलाच नाही.

हीच रीत कुठल्याही आट्याला वापरा. भरपूर ग्रीस, आवळायच्या उलट दिशेने हळू फिरवून 'टक्' शोधणं, निदान तीन-चार फेरे नुसत्या हाताने, आणि मगच पाना. हाताने जात नसेल तर ते तिरकं बसलंय, बाहेर काढा. पॅडलचंही तसंच: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, आणि बहुतेक पॅडलवर डाव्या-उजव्याची खूण कोरलेली असते. चौकोनी टोकाच्या क्रँकचा बोल्ट ३५ न्यूटन-मीटरच्या खाली ठेवू नका. ढिला राहिला तर क्रँकचं चौकोनी भोक झिजतं आणि मग नवा क्रँकच घ्यावा लागतो.

८. चाकं, टायर, ट्यूब

फ्रीहबवर ग्रीसचा पातळ हात द्या, कॅसेट खाचा जुळवून सरकवा (एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, तीच दिशा दाखवते) आणि लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळा.

ट्यूब मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हची घ्या, श्रेडरची. पेट्रोल पंपावर किंवा कुठल्याही टायरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक प्रेस्टा वॉल्व्ह घेतलात तर अडॅप्टर जवळ ठेवावा लागतो. २.२ इंची टायरला गाडीसारखी कडक हवा भरू नका. माझ्या ५८ किलो वजनाला पुढे २४ आणि मागे २८ पीएसआय छान बसते, वजन जास्त असेल तर थोडी वाढवा.

पहिल्या शे-दीडशे किलोमीटरांत नव्या चाकाचे आरे बसतात आणि चाक थोडं डुलायला लागतं. त्याचा आउट काढायला तेव्हा एकदा जाणकार हाताकडे न्या.

९. ब्रेक

पैसा घालायचाच तर इथे घाला. शिमानोचे एमटी२०० सारखे साधे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेकही ओल्या उतारावर बोटभर जोरात थांबवतात.

घेताना लिव्हर आणि होज (तेलाची नळी) तपासा. आपल्याकडे मोटरसायकलप्रमाणे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण संच दुसऱ्या पद्धतीने भरलेलाही येतो. उजव्या लिव्हरला आखूड होज, म्हणजे पुढचा ब्रेक, हे बघून घ्या. उलट असेल तर होज काढून बदलावे लागतील, ब्लीडिंग (आतली हवा काढणं) करावं लागेल आणि नवशिक्याला ते काम डोकेदुखीचं आहे. शिमानोमध्ये फक्त मिनरल ऑइल चालतं. डॉट फ्लुइड घातलंत तर आतले सील फुगून निकामी होतात. रोटर मध्ये नसताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात.

रोटरला तेलकट बोट लागू देऊ नका. मी रोटर बसवण्याआधी हात साबणाने धुतले, मग रोटर अल्कोहोलने पुसला, आणि चेनला तेल लावताना रोटरवर कापड टांगलं. कॅलिपर (पॅड धरणारा भाग) मधोमध आणायची सोपी युक्ती: त्याचे दोन बोल्ट थोडे ढिले करा, लिव्हर घट्ट दाबून धरा, आणि दाबलेल्या अवस्थेतच बोल्ट आवळा. चाक फिरवून कान द्या. 'सर्र' असा अखंड आवाज येत असेल तर पुन्हा करा.

१०. चेन आणि गिअर

चेनची लांबी: डिरेलरमधून न नेता ती पुढच्या चाकावरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चाकावरून गुंडाळा. टोकं जिथे जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवा आणि तोडा. तोडण्याआधी पुन्हा मोजा. आखूड चेन मोठ्या गिअरवर हँगर तोडते.

गिअर लावताना केबल जोडण्याआधी डिरेलरवरच्या एच खुणेच्या स्क्रूने डिरेलरचं वरचं छोटं चाक सगळ्यात लहान दातचक्राच्या बरोबर खाली आणा. मग शिफ्टर शेवटच्या गिअरला ठेवून केबल ताठ ओढून बांधा. एकेक गिअर वर चढवत जा. मोठ्या चक्रावर जायला टाळाटाळ होत असेल तर बॅरल (केबलच्या टोकाची फिरवायची बोंडी) घड्याळाच्या उलट दिशेने पाव-पाव फेरा फिरवा. शेवटी एल स्क्रू असा लावा की सगळ्यात मोठ्या चक्रापलीकडे चेन आऱ्यांमध्ये पडणार नाही. सगळं करूनही मधलेच एक-दोन गिअर खडखडत असतील तर स्क्रूंच्या मागे लागू नका. हँगर वाकलेला असतो, तो दुकानात सरळ करून घ्या.

११. पहिली फेरी

रस्त्यावर नको, इमारतीच्या आवारात. आधी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला आणि हेडसेटच्या फटीवर बोट ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर सहावी पायरी पुन्हा करा. मग चाकांचे क्विक रिलीज, स्टेम, हँडल, सीट, क्रँक, पॅडल या क्रमाने सगळे बोल्ट तपासा.

नवे ब्रेक लगेच धरत नाहीत. मध्यम वेग घ्या, हळूहळू दाबत जवळजवळ थांबा, पण चाक अडकू देऊ नका. पुढच्या आणि मागच्या ब्रेकने असं वीसेक वेळा करा, मग पकड येते. ते झाल्याशिवाय उतारावर जाऊ नका. हेल्मेट आवारातसुद्धा घाला. तीस-चाळीस किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. क्रँकचा बोल्ट त्यात हमखास थोडा फिरतो.

आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या भागात बिबटे आहेत, तिथे दिवसाउजेडीच जा आणि आखलेला रस्ता सोडू नका.

१२. पावसाळा

जून ते सप्टेंबरमध्ये सायकलचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. महिन्यातून एकदा सीटपोस्ट काढा, फ्रेम उलटी करून आत साचलेलं पाणी ओता, नळी पुसा आणि पोस्टला नवं ग्रीस लावून घाला. पावसाच्या फेरीनंतर चेन कोरड्या फडक्याने पुसून ओल्या हवामानाचं तेल प्रत्येक कडीला थेंबभर लावा, दहा मिनिटांनी वरचं पुसून टाका. सर्व्हिस सेंटरच्या जोराच्या पाइपने हब आणि बॉटम ब्रॅकेटवर पाणी मारून घेऊ नका, ते सील ओलांडून आतलं ग्रीस धुऊन नेतं.

चिखलात रेझिनचे पॅड भराभर झिजतात, तेव्हा पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी त्यांची जाडी बघा. टिकाऊ म्हणून धातूचे पॅड घ्यावेसे वाटले तर आधी रोटरवर काय कोरलंय ते वाचा. स्वस्त रोटर बऱ्याचदा फक्त रेझिनसाठी असतात, धातूच्या पॅडने ते लवकर झिजतात. आणि गॅलरीत सायकल प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत बाष्प कोंडून बोल्टची डोकी महिन्याभरात तांबडी होतात. मी हँडल आणि चेनवर एक जुना सुती पंचा टाकते, दर दोन दिवसांनी तो वाळत घालते.